आश्लेषा संपेपर्यंत

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्राला नाही. देवापुढे हात जोडून उभा राहतो तेव्हासुद्धा ही गोष्ट मी बाजूला सारून उभा राहतो — जसं काही त्याला दिसतच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. ओळखीच्या माणसाला सांगण्याचं धैर्य माझ्यात नाही, हेही आधीच कबूल केलेलं बरं.

सोलापुरात मी गिरणीत कारकून आहे. कापसाच्या गासड्या येतात, त्यांच्या तोलाईवर माझी नेमणूक. काटा रोज सकाळी आधी रिकामा तपासायचा, मग माल चढवायचा, गोणपाट नि पट्ट्यांचं वजन वजा करायचं, आणि ओलीसाठी थोडी घट धरायची — ही माझी वीस-बावीस वर्षांची सवय. माझ्या तोलाबद्दल आजवर एक तक्रार नाही. पेठेत लोक म्हणतात, दत्तोपंतांचं बोलणं म्हणजे मापून दिलेलं. भांडणं लागली तर मला साक्षीला बोलावतात. मी जातो. खरं तेच सांगतो. घरी येतो, पाय धुतो, आणि माझी मुलगी उंबऱ्याला धरून, एक पाय ओढत, समोर येते.

तिचं नाव यमुना. आम्ही यमू म्हणतो. चौदा वर्षांची आहे. उजवा हात कोपरात आखडलेला, उजवा पाय ताठ. शब्द तोंडातून निघतात, पण प्रत्येक शब्द जिना चढून आल्यासारखा दमलेला असतो. बुद्धी मात्र चांगली तल्लख आहे. परवा मी चष्मा शोधत होतो तर ती बराच वेळ नुसती बघत बसली आणि मग म्हणाली, "अ-प्पा, क-पाळावर शोधा." आणि इतकी हसली की खांबाला धरावं लागलं.

लोक म्हणतात, दैव. मीही तसंच म्हणतो. इतकी वर्षं म्हणतो आहे.

आता मूळ गोष्टीकडे यायचं, तर आधी माझ्या स्वतःच्या जन्माचं सांगायला हवं. की हेसुद्धा मी टाळतोच आहे? असेन. तरी सांगतो.

माझा जन्म आश्लेषा नक्षत्राच्या शेवटच्या चरणावरचा. पंचांग बघणाऱ्यांना ठाऊक असेल, या चरणावर जन्मलेलं मूल बापाला वाईट, असा समज आहे. त्यावर शांत करतात — होम करायचा, आणि तोवर बापानं मुलाचं तोंड पाहायचं नाही. माझ्या वडिलांनी यातलं काही केलं नाही. ते करकंबला शाळामास्तर होते, आणि असल्या गोष्टींना हसायचे म्हणे. मी दहा महिन्यांचा असताना ते पटकीनं गेले. त्या वर्षी गावात पुष्कळ माणसं गेली. त्या सगळ्यांच्या घरी काही आश्लेषावर मुलं जन्मलेली नव्हती. पण माझी चुलती मला वाढताना म्हणायची, "बापाला गिळलंस, आता भाकरी गीळ." शाळेतून आलो की हेच. पोरं चिडवायची. हे शब्द मी इतक्या वेळा ऐकले, की ते खोटे असतील असा विचार करायलाही मला फार उशिरा सुचलं. आणि सुचलं तरी तो विचार खोल गेला नाही.

आई मात्र मला कधीच तसं म्हणाली नाही. एकदाही नाही. हे लक्षात ठेवा.

माझं लग्न झालं, आणि पहिली पाच वर्षं मूल नव्हतं. मग दिवस राहिले. माझ्या बायकोचं नाव सरस्वती. आई तिला सरू म्हणायची. मी तोंडानं तिचं नाव कधी घेतलेलं नाही, इथं लिहितो आहे. सरूची आई तिच्या लहानपणीच वारलेली, माहेरी बाईमाणूस कुणी नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते आमच्याकडेच करायचं ठरलं. साखर पेठेत आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. आतल्या खोलीत बाळंतपण, बाहेरच्या खोलीत मी.

ते महिने — मी ते विसरू शकत नाही, कारण आमच्या संसारात तेवढे आनंदाचे दिवस पुन्हा आले नाहीत. गिरणीतल्या एका सोबत्याकडून मी स्त्रियांच्या आरोग्यावरचं एक मराठी पुस्तक आणलं होतं. गर्भ कोणत्या महिन्यात किती वाढतो ते त्यात ओळीनं दिलेलं. दिवेलागणीला, आई जप करत बसली की मी सरूला ते वाचून दाखवायचो. मला त्यातली मापं आवडायची. तिसरा महिना संपताना सगळा जीव दोन तोळ्यांच्या आसपास — दोन तोळे! — आणि तेवढ्यातही हाताची बोटं वेगळी झालेली. पाचव्याच्या शेवटी पावशेराच्या वर, अंगावर बारीक लव. सहाव्यात बाहेरचा आवाज कानी पडू लागतो. सातव्यात पापण्या उघडतात. मूल श्वास घेत नाही, जेवत नाही. नाळेतून आईचं रक्त येतं, त्यातच त्याचा श्वास आणि त्याचं अन्न. हे मी दोनदा वाचून दाखवलं होतं. केवढी योजना, आणि कुणीही न मोजता होते.

सरू ऐकायची, पण थट्टा करायची. "आणि रात्रभर बरगडीत लाथ मारतंय, ते तुमच्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे?" मी म्हणायचो, ते चलनवलन. ती म्हणायची, "चलनवलन तुमच्या पोटात असतं म्हणजे कळलं असतं." पलीकडून आईची जपमाळ थांबायची आणि ती हसायची. सासूसुनेचं तेव्हा इतकं जमायचं की मलाच कधी परक्यासारखं वाटे. आंबट खावंसं वाटलं की सरू आईला सांगायची, मला नाही. आईनं तिच्यासाठी कुठून कुठून कैऱ्या मिळवल्या होत्या.

हे सगळं मी का सांगतो आहे? मला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये म्हणून. आईच्या पोटात मूल कशानं जगतं ते मला ठाऊक होतं. नाळ म्हणजे काय ते मी स्वतः मोठ्यानं वाचलं होतं. अडाण्याची सबब मला नाही.

दिवस भरत आले तशी दुसरी एक गोष्ट मी गुपचूप करू लागलो. पंचांग उघडून आश्लेषा कधी लागते आणि कधी संपते ते बघू लागलो. महिन्यात एक दिवस. बाकीचे सगळे दिवस मोकळे. म्हणजे भीती किती धरायची? फार थोडी. हिशेबानं फार थोडी. मी मनाला तसं समजावलं.

आणि तोच दिवस आला.

वैशाखातला दिवस होता. सकाळी कळा सुरू झाल्या. मी गिरणीत निरोप धाडला, सुईणीला बोलावून आणलं आणि पंचांग उघडलं. आश्लेषा दुपारी संपत होती. चौथा चरण चालू होता. पहिलटकरणीला वेळ लागतो असं सगळेच म्हणतात, तेव्हा दुपार सहज टळेल — मी बाहेरच्या खोलीत खिशातलं घड्याळ हातात धरून बसलो. ते घड्याळ मी रोज गिरणीच्या भोंग्याशी लावून घेत असे.

सुईण मल्लव्वा अक्कलकोटकडची, कानडी माणूस. आमच्या पेठेतली निम्मी पोरं तिच्या हातची. दुपारच्या जेवणाची वेळ होऊन गेली तेव्हा तिचा आवाज दाराआडून आला. "डोस्कं लागलंय बगा! आता लई येळ न्हाई. गरम पाणी आना."

मी घड्याळ पाहिलं. आश्लेषा संपायला अजून अर्ध्या तासाच्या वर वेळ होता.

आई पाणी न्यायला बाहेर आली. मी तिला दाराशी गाठलं आणि विचारलं, थोडं थांबवता येईल का? तिला आधी कळलंच नाही. मग माझ्या हातातलं पंचांग दिसलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. ती म्हणाली, "अरे दत्तू, दाराशी आलेल्या जीवाला कुणी थांब म्हणतं का? येऊ दे. बारा दिवसांनी शांत करून टाकू, झालं."

तिचं म्हणणं खरं होतं. शांतीची सोय होती. दोन ब्राह्मण, थोडा खर्च, एका सकाळचं काम. मी ऐकलं असतं तर या लिखाणाची वेळ आली नसती.

मी म्हणालो, "मल्लव्वेला विचार."

आईनं विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं, पण तिचं माझ्यापुढे काय चालणार? मल्लव्वा आतून सहज म्हणाली, जसं कुणी खिडकी लावू का म्हणून विचारावं, "थांबिवता येतंय की. गुडगं आवळून धरायचं, कळ दिऊ द्याची न्हाई. लई घरात करत्यात असं. भटजी म्हाराजांनी सांगितलंय का?"

आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातातल्या पातेल्यातून वाफ येत होती. मी खालच्या आवाजात म्हणालो — माझेच शब्द जसेच्या तसे देतो — "या घरचा कर्ता मी आहे. सांगतो तसं कर."

विधवा बाई. मुलाच्या घरची भाकरी. ती आत गेली.

मग मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. आईचा आवाज — "सरू, बाळा, थोडं सोस. अजून जोर देऊ नकोस." पुन्हा तोच आवाज. एक गुडघा मल्लव्वेनं धरला होता आणि दुसरा आईनं. हे मला नंतर कळलं. सरू आधी विनवत होती. मग ओरडायला लागली. "सोडा हो सासूबाई! सासूबाई, सोडा मला!" हा आवाज शेजारी गेला असणार, कारण समोरच्या घराची खिडकी उघडल्याचं मी पाहिलं. मी काय केलं? मी घड्याळ पाहिलं.

आश्लेषा संपली. पंचांगाप्रमाणे संपली. आता 'सोडा' म्हणायचं, एवढंच बाकी होतं. आणि मी म्हटलं नाही. माझ्या मनात आलं, घड्याळ पुढे असेल तर? भोंगा आणि स्टेशनचं घड्याळ यांत नेहमी थोडा फरक असतो. तोलात जशी मी घट धरतो, तशी इथंही धरली. आणखी पाच-दहा मिनिटं. मग दारावर टकटक केली.

तो अर्धा तास मी कधी कधी रूढीच्या माथी मारतो, चुलतीच्या माथी मारतो. पण ती शेवटची पाच-दहा मिनिटं कुणाच्या माथी मारू? ती कुठल्याच शास्त्रात नव्हती. ती माझी होती.

मूल बाहेर आलं ते निळसर, लुळं, आवाज नाही. मल्लव्वेनं तळपायावर चापट्या मारल्या, कांदा ठेचून नाकाशी धरला, नाळेसकट वार निखाऱ्यावर शेकली. आई मोठमोठ्यानं देवाचा धावा करत होती. किती वेळ गेला ते सांगता येत नाही — घड्याळ माझ्या हातातच होतं आणि मी ते पाहिलं नाही. मग मांजराच्या पिलासारखा एक आवाज आला. आई बाहेर येऊन म्हणाली, "मुलगी आहे. जगेल." आणि तशीच भिंतीला टेकून खाली बसली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

माझ्यापुरती पत्रिका स्वच्छ झाली. मघा नक्षत्र. बापावरचा दोष टळला.

आता तुम्ही म्हणाल, बापानं केलं ते लेकीसाठी केलं — माझ्यासारखे टोमणे तिला ऐकावे लागू नयेत म्हणून. मीही स्वतःला कित्येक वर्षं असंच सांगत आलो. छान सबब आहे. तिच्यात दयासुद्धा आहे. पण ती खोटी आहे. त्या दुपारी दाराबाहेर उभा असताना माझ्या मनात मुलगी नव्हती, बायको नव्हती. मला मरायचं नव्हतं. एवढंच. माझे वडील त्या चरणावर गेले, मी जाणार नाही — एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. धडधाकट, तिशी ओलांडलेला माणूस, आणि अजून जन्मही न झालेल्या पोराला भ्यालो.

इथंच संपलं असतं, तर हा गुन्हा निदान एकच राहिला असता.

बाळंतीण उठून बसू लागली तेव्हाची गोष्ट. दारावर पडदा, खाली शेगडी, शेपांचा नि ओव्याचा वास. मी उंबऱ्याशी उभा होतो. सरू मुलीला मांडीवर घेऊन खालच्या आवाजात म्हणाली, "सासूबाईंनी मला धरून ठेवलं. पोर दारात होती आणि त्यांनी धरून ठेवलं. का हो?"

तिला ठाऊकच नव्हतं! तिनं ऐकला तो आईचा आवाज. तिला दिसले ते आईचे हात. माझा आवाज दाराबाहेर राहिला होता.

एका वाक्याचं काम होतं. 'मी सांगितलं होतं.' तीन शब्द. मी तोंड उघडलंही. आणि त्या तोंडातून निघालं ते हे: "आई जुन्या वळणाची आहे. मनात धरू नकोस."

ते वाक्य किती सोईचं होतं बघा. त्यात एकही शब्द खोटा नाही. आई जुन्या वळणाची होतीच. तोलाईवर बसणाऱ्या माणसाला खोटं असं बोलता येतं.

सरूनं मनात धरलं. का धरू नये? त्या दिवसापासून तिनं यमूला आईच्या हाती दिलं नाही. भांडण नाही, शब्द नाही. आईनं हात पुढे केले की ती म्हणे, "राहू दे, आत्ताच झोपली आहे." आईच्या पाया पडायची नाही. आईच्या हातची कैरीही नंतर तिनं कधी घेतली नाही. आई समजली. एवढा जन्म काढलेली बाई, तिला समजायला वेळ लागतो का? तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा जपाला बसली. तिनं सुनेला खरं सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर पुढचं काम मला करावं लागलं असतं.

यमू वर्षाची होऊनही बसेना, तेव्हा तिला बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सरू बाहेर बाकावर बसली होती. बाईंनी मुलीचा हात-पाय वाकवून पाहिला आणि मला विचारलं, "बाळंतपणात अडली होती का?"

मी म्हणालो, हो.

"किती वेळ? म्हणजे डोकं खाली आल्यावर किती वेळ गेला?"

त्या विचारत होत्या तो नेमका आकडा माझ्याजवळ होता. मी म्हणालो, "बायकांचं काम, आम्हाला काय कळणार?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "मूल वाटेत येऊन थांबलं, की नाळ दबते. ते ना आईच्या श्वासावर असतं ना स्वतःच्या. मधल्यामध्ये गुदमरतं. मेंदूला तेवढं पुरतं. दर वेळी कारण हेच असेल असं नाही. आता हातपाय चोळत राहा." मी मान हलवली. 'ना आईच्या श्वासावर ना स्वतःच्या.' मी हे पूर्वी मोठ्यानं वाचलेलं होतं — निराळ्या शब्दांत, दिवेलागणीला, हसत हसत.

बाहेर येऊन सरूला म्हणालो, "त्या म्हणतात, चोळत राहा."

आणि आई चोळत राहिली. हे सांगितलंच पाहिजे. सरू तळ्यावर, बाजाराला किंवा देवळात गेली, की आई कोमट तेल घेऊन यमूजवळ बसायची, आखडलेली बोटं एकेक करून सोडवायची आणि सरूची चाहूल लागली की वाटी उचलून उठायची. आपल्याच नातीला चोरून तेल लावायची. मी ते पाहिलं आहे. एकदा नाही. मी वर्तमानपत्र वाचत बसलेला असायचो.

अशी आठ वर्षं गेली. आठ वर्षं दोन बायका एका चुलीवर रांधत होत्या, आणि त्या दोघींमध्ये मी घातलेलं वाक्य होतं.

आई आजारी पडली ती थंडीच्या दिवसांत. दम लागायचा. एका सकाळी सरू पाण्याला गेली असताना तिनं मला जवळ बसवलं. ती म्हणाली, "दत्तू, तेवढं सरूला एकदा सांगशील का रे? मी असताना तुला जड जात असेल, तर मी गेल्यावर सांग. पण पोरीला कळू दे, आजीनं आपल्या मनानं तिला धरून ठेवली नव्हती."

दुसरं काही नाही. मला दोष दिला नाही. 'तू असं का केलंस' विचारलं नाही. मी म्हणालो, "सांगतो." ती म्हणाली, "हं." आणि तिनं डोळे मिटून घेतले. चार दिवसांनी ती गेली. सरूनं सगळं रीतीप्रमाणे केलं, पण रडली नाही. शेजारच्या बायकांनी ते बोलून दाखवलं — "सून म्हणायची की दगड?" — मी ऐकलं, आणि त्यांनाही गप्प केलं नाही.

त्याला सहा वर्षं झाली. दर वर्षी मी ठरवतो. सणवार जाऊ दे, उन्हाळा जाऊ दे, सरूची तब्येत सुधारू दे. मी काही मेलो नाही. मला साधा हिवताप वगळता काही झालेलं नाही. आश्लेषाला मी चुकवलं, म्हणा. की आश्लेषाचा माझ्याशी कधी संबंधच नव्हता? आता ते ठरवून काय उपयोग?

यंदा आईचं श्राद्ध झालं ते गेल्या पंधरवड्यात. सरू पहाटेपासून चुलीपाशी होती. वडे, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी — कशातही कमी नाही. ती आईचं श्राद्ध नेहमीच चोख करते. फक्त नमस्काराच्या वेळी तिला आत काहीतरी काम निघतं.

ब्राह्मण जेवून, दक्षिणा घेऊन गेले. आमची तिघांची पानं मांडली होती. यमू पाटावर बसली, डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अ-प्पा, आजीनं म-ला का थांबवलं?"

सरूकडून तिला कधीतरी कळलं असणार. मोठी झाली आहे. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. चुलीपाशी सरूच्या हातातला झारा थांबला. ती वळली नाही, पण थांबली. यमू बघत होती. मला वाटतं, इतक्या वर्षांत माझ्याकडे इतक्या विश्वासानं कुणी पाहिलं नसेल.

मी म्हणालो, "वाढा आता. उशीर झाला."

सरूनं वाढलं. आम्ही जेवलो. मी खीर दोनदा मागून घेतली.